कूलंट सहा आठवड्यांत सडतंय, भंगार वाढतंय: इव्हॅपोरेटर घ्यावा की रिंगर?

टूलपोस्ट_चाकण
गाड्यांसाठी पिना करतो. 12 सीएनसी टर्निंग मशिन्स, प्रत्येकाची टाकी 200 लिटरची. माल ईएन8 (मध्यम कार्बनचं पोलाद), 32 मिमी गोल, 3 मीटरचे बार, महिन्याला 10 टनांच्या आसपास. मुख्य पिन 62 मिमी लांब, फेसिंगला (तोंड सपाट करायला) 1 मिमी, पार्टिंग ब्लेड (बारमधून पिन कापून वेगळी करणारं पातं) 3 मिमी, बार फीडरमध्ये 120 मिमी तुकडा उरतोच.
सोल्युबल कूलंट (पाण्यात मिसळायचं कटिंग तेल) दर सहा आठवड्यांनी काढावं लागतं. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी पहिल्या शिफ्टला सडक्या अंड्यांचा वास. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) 900. वर भंगारवाला ओल्या चिप्सचं (कापताना निघणाऱ्या छिलक्यांचं) वजन कापतो. एक विक्रेता इव्हॅपोरेटर (वाया गेलेल्या कूलंटमधलं पाणी उडवणारं मशिन) घ्या म्हणतोय, दुसरा चिप रिंगर (चिप्समधून कूलंट काढणारं मशिन). आधी काय घ्यावं?

ब्रिक्स_बघा
दोन्ही नको. आधी रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटची तीव्रता मोजायला), स्किमर (वर तरंगणारं तेल पट्ट्याने उचलणारा) आणि एक छोटा आरओ (पाण्यातले क्षार काढायला).

इव्हॅपोरेटरचा हिशोब बघा. साध्या हीटरच्या मशिनमध्ये लिटरभर पाणी उडवायला साधारण 0.7 युनिट लागतं. 2400 लिटरला 1700 युनिट, आणि तळाशी उरणारा तेलकट गाळ घातक कचराच राहतो. मुळात कूलंट मरतंय का ते शोधा.

पहिलं कारण पाणी. टाकीतून उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. रोज 10 लिटर टॉप-अप धरला तर 900 टीडीएसच्या पाण्यातून रोज 9 ग्रॅम क्षार. 25 दिवसांत 225 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीत 1100 टीडीएसची भर. थोडे चिप्सबरोबर बाहेर जातात, पण बाकीचे इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) फोडायला पुरेसे आहेत. टॉप-अप तरी आरओच्या पाण्याने करा. पहिली भरणी पूर्ण आरओने केलीत तर काही कूलंटला फेस येतो, त्यामुळे तिथे थोडं बोअरचं मिसळलं तरी चालतं.

दुसरं कारण स्लाइडवेचं (मशिनच्या सरकत्या मार्गांचं) तेल. ते वर साय धरतं, खाली हवा जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू गंधकाचा वास सोडतात. सुट्टीच्या दिवशी पंप बंद, म्हणून शुक्रवारी नाक धरायची वेळ येते. स्किमर मशिन बंद झाल्यावर अर्ध्या तासाने लावा. पंप चालू असताना तेल घुसळलेलं असतं, पट्ट्याला काही लागत नाही. गुरुवारी कोणी येत नसेल तर टाकीत माशांच्या टाकीचा हवेचा पंप सोडा, स्वस्त आणि उपयोगी. शिवाय लुब्रिकेशन युनिट किती मिनिटांनी किती तेल सोडतंय ते मॅन्युअलशी ताडून बघा. कोणीतरी वाढवून ठेवलेलं असतं, आणि ते सगळं टाकीतच येतं.

टॉप-अप साध्या पाण्याने नको आणि पूर्ण मिश्रणानेही नको. उदाहरणार्थ टाकीत 160 लिटर उरलंय आणि तीव्रता 7 टक्के, म्हणजे मूळ कूलंट तेल 11.2 लिटर. 200 लिटरला 6 टक्के हवे असतील तर 12 लिटर लागेल. म्हणजे 40 लिटर पाण्यात 0.8 लिटर, 2 टक्के. तिथे 6 टक्क्यांचं मिश्रण ओतत राहिलात तर तीव्रता चढत जाते, मशिन चिकट होतं, ऑपरेटरच्या हातांना खाज सुटते. नेहमी पाण्यात तेल घाला, तेलात पाणी कधीच नाही.

रिफ्रॅक्टोमीटरच्या रीडिंगला (ब्रिक्स) कूलंटच्या माहितीपत्रकातला फॅक्टर लावायला विसरू नका. ब्रिक्स 4 आणि फॅक्टर 1.5 म्हणजे 6 टक्के. नमुना नोझलमधून घ्या, वरची साय काचेवर आली की रेषा धूसर दिसते. पीएच 8.5 च्या खाली उतरायला लागला तर वास यायच्या आधीच हालचाल करा.

पार्टिंग_ऑफ
कूलंटचं पटलं, पण पैसा बारमध्ये जातोय. 3000 मधून 120 गेले, 2880. एका पिनला 62+1+3 म्हणजे 66 मिमी, 43 नग पडतात आणि शेवटी 162 मिमी उरतो, सुमारे एक किलो. ब्लेड 2 मिमी केलंत की 65 मिमी, 44 नग. 10 टनांत 528 बार बसतात, तेवढेच नग 516 बारमध्ये होतील. 12 बार, 227 किलो पोलाद दर महिन्याला वाचतं. या नगाला हे जमतं कारण बेरीज काठावर आहे. दुसऱ्या लांबीला 1 मिमी वाचवून एकही नग वाढणार नाही, तेव्हा प्रत्येक नगाची बेरीज वेगळी मांडा.

2 मिमी ब्लेडला 32 व्यासावर 16 मिमी आत जायचंय, रुंदीच्या आठपट. ब्लेड होल्डरमधून याहून बाहेर काढू नका. सेंटर हाइट (ब्लेडची धार बारच्या मध्याच्या उंचीवर) अचूक हवी. फीड (एका फेऱ्याला ब्लेड किती पुढे जातं) 0.06 ते 0.08 मिमी, आणि शेवटच्या 2-3 मिमीत निम्मा. सेटर जुन्याच फीडवर चालवतात, ब्लेड वाकतं, कापाचं तोंड बाकदार येतं आणि मग “पातळ ब्लेड टिकत नाही” म्हणून परत 3 मिमी लागतं.

टूलपोस्ट_चाकण
ब्लेड मागवतो. मग रिंगर अजिबातच नको? चिप्स लांब, गुंता झालेल्या येतात.

पार्टिंग_ऑफ
गुंत्यासाठी तर नकोच. रिंगर फिरवून कूलंट काढतो, लांब चिप्स त्यात गोळा होऊन अडकतात, म्हणजे आधी श्रेडर (चिप्सचे तुकडे करणारं मशिन) घ्यावा लागेल. त्यापेक्षा चिपब्रेकर (इन्सर्टवरची, चिप तोडणारी खाच) बघा. रफिंगचा फीड 0.12 असेल तर बहुतेक इन्सर्टना (टूलवरच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकांना) तो कमी पडतो, चिप तुटत नाही. 0.2 ते 0.25 वर नेऊन बघा, 6 किंवा 9 च्या आकड्यासारखी तुटायला हवी. आखूड चिप कूलंट कमी घेऊन जाते आणि ट्रॉलीतही जास्त मावते. ट्रॉलीला जाळीचा दुसरा तळ, खाली कॉक, आणि एक रात्र निथळू द्या. निथळलेलं कूलंट फिल्टर बॅगेतून गाळून परत वापरा, वास नसेल तरच.

मॅनिफेस्ट_भोसरी
उरलेलं कूलंट गटारात किंवा “घेऊन जातो” म्हणणाऱ्या टँकरला देऊ नका. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत ठिकाणीच गेलं पाहिजे, तुमच्या भागासाठी रांजणगाव. सोबत फॉर्म 10 चं मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचं पत्रक), नोंद फॉर्म 3 मध्ये, साठवण 90 दिवसांपर्यंत, वार्षिक विवरण फॉर्म 4 मध्ये 30 जूनच्या आत. एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात हा कचरा लिहिलेला आहे ना, तेही बघून घ्या.

आणि नवं कूलंट भरण्याआधी जुन्यातच मशिन क्लीनर 1 ते 2 टक्के टाकून एक शिफ्ट फिरवा, मग काढा. चिप कन्व्हेयरखालचा गाळ हाताने खरवडा. तो तसाच राहिला तर नवी भरणी काही दिवसांतच नासते आणि दोष कूलंटच्या कंपनीवर जातो.