टेक्सासच्या पद्धतीचे तिखट बीन डिप घरी कसे करावे?

प्रश्न – पाटावरवंटा, पुणे

नमस्कार. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आणि त्याला लागून असलेल्या उत्तर मेक्सिकोत मक्याच्या चिप्सबरोबर जे तिखट बीन डिप खाल्ले जाते, ते मला घरी करावयाचे आहे. इंग्रजी पाककृतींपैकी बहुतेकांची सुरुवात पिंटो बीन्सचा डबा उघडण्यापासून होते आणि तो डबा आमच्याकडे सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे वाळलेल्या दाण्यांपासून कृती हवी आहे. पिंटोऐवजी राजमा घेतल्यास तो मिक्सरमधून काढल्यावरही रवाळ राहतो आणि सालीचे कण जिभेला लागतात. यावर उपाय काय? चिपोटले मिरचीचा धुरकट तिखटपणा आपल्या मिरच्यांतून आणता येईल का? शेवटचा प्रश्न साठवणुकीचा आहे. मुलगा वसतिगृहात राहतो, तेथे त्याला फ्रिज उपलब्ध नाही, म्हणून डिपवर तेलाचा थर देऊन ते बरणीत भरले, तर लोणच्याप्रमाणे पंधरा दिवस टिकेल का?

उत्तर १ – ह्यूस्टनकर

बऱ्याच वर्षांपासून टेक्सासमध्ये राहत असल्यामुळे हे डिप येथे घरोघरी कसे होते, ते पाहिले आहे. त्याचा पाया म्हणजे मेक्सिकोतील ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’, अर्थात शिजवून, ठेचून चरबीत परतलेला घेवडा. उत्तर मेक्सिकोत आणि टेक्सासमध्ये त्यासाठी ठिपक्यांचा पिंटो वापरतात, तर वेराक्रूझ, वाहाका आणि युकातान या दक्षिणेकडील भागांत काळा घेवडा पसंत केला जातो. माझ्या मते मिरचीचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण डिप चांगले किंवा वाईट होणे हे दाणा किती मऊ शिजला आणि त्याचा कट कसा वापरला, यावरच अवलंबून असते.

पाव किलो दाणे रात्रभर भिजवावेत आणि भिजवण्याच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा मीठ घालावे. मिठाने कडधान्य शिजत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे; प्रत्यक्षात मिठातील सोडियम सालीमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा घेते आणि साल मऊ पडते, म्हणून सालीच्या कणांचा अर्धा त्रास येथेच संपतो. शिजण्यास खरा अडथळा आणतात ते आंबट पदार्थ, जड पाणी आणि जुना माल. टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर यांतले काहीही दाणे पूर्ण शिजेपर्यंत घालू नये. बोअरचे पाणी असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो, मात्र तो जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

भिजवलेले पाणी ओतून द्यावे, ताज्या पाण्यात अर्धा कांदा आणि दोन लसूण पाकळ्या घालून कुकरमध्ये एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. दाणा दोन बोटांत धरून दाबल्यावर त्याचे लोण्यासारखे पीठ झाले पाहिजे. आमटीसाठी जो राजमा ‘शिजला’ असे आपण म्हणतो, तो या कामासाठी कच्चाच असतो. वरचा कट गाळून बाजूला ठेवावा आणि तो फेकून देण्याचा मोह टाळावा, कारण डिपचा सगळा गुळगुळीतपणा त्या कटातल्या स्टार्चमधून येतो. साधे पाणी घालून सैल केलेले डिप थोड्या वेळाने पाणी सोडते.

मेक्सिकोत हे परतण्यासाठी डुकराची चरबी वापरतात. घरात ती चालत नसेल तर शेंगदाण्याचे तेल घ्यावे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून त्यात बारीक चिरलेला कांदा तपकिरी होईपर्यंत परतावा, नंतर लसूण, एक लहान चमचा जिरेपूड आणि मिरचीचे वाटण घालून तेल सुटू द्यावे. मग दाणे घालून पावभाजीच्या स्मॅशरने ठेचत, थोडा थोडा कट ओतत, कढईच्या तळाला लागलेली खरवड पुन्हा आत घेत पंधरा मिनिटे परतावे. मीठ आणि लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालावा.

उत्तर २ – कोरेगावकडची

वरील कृती उत्तम आहे, परंतु पिंटोला पर्याय म्हणून थेट मोठ्या लाल राजम्याकडे जाण्याची आवश्यकता नाही. सातारा जिल्ह्यातील आमच्या कोरेगाव भागात पिकणारा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, तो पिंटोप्रमाणेच फॅसिओलस वल्गॅरिस या जातीचा आहे. त्याची साल लाल राजम्याहून पातळ असते आणि दाणा गोडसर, पिठूळ शिजतो. (मंडईत वाघ्याच्या नावाखाली वेगळा माल मिळण्याचा संभव असतो, म्हणून दाण्यावरचे लाल पट्टे पाहूनच घ्यावा.) नव्या हंगामाचा माल मिळाला तर शिजण्याचा वेळही कमी लागतो.

राजमाच वापरावयाचा असेल, तर तो मिक्सरऐवजी पुरणयंत्रातून, बारीक जाळी लावून गरम असतानाच काढावा. मिक्सरमुळे साल बारीक चिरली जाते, मात्र ती मिश्रणातच राहते. पुरणयंत्रात ती जाळीवरच अडकते. दाणे थंड झाले की हेच काम दुप्पट कष्टाचे होते.

मिरचीविषयी: चिपोटले म्हणजे पिकून लाल झालेली, धुरावर वाळवलेली जलापेन्यो मिरची. जलापेन्योचा तिखटपणा मध्यम, म्हणजे २,५०० ते ८,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचे एकक) एवढाच असल्यामुळे लवंगी मिरची त्याच प्रमाणात घातली तर डिप खाण्याजोगे राहणार नाही. मी रंगासाठी तीन-चार ब्याडगी आणि धार येण्यासाठी एकच संकेश्वरी मिरची घेते, त्या कोरड्या तव्यावर भाजून कोमट पाण्यात भिजवते आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या टोमॅटोसह वाटते. धुराचा वास हवा असल्यास तयार डिपमध्ये लहान वाटी ठेवून, त्यात पेटता कोळसा व वर चमचाभर तूप घालून पाच मिनिटे झाकण लावावे. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास कडवटपणा येतो. गोडा मसाला किंवा गरम मसाला मात्र कृपया घालू नये, नाहीतर आपण घट्ट उसळ केली एवढेच होईल.

उत्तर ३ – सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका

साठवणुकीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे द्यावे लागेल: हे डिप बरणीत भरून बाहेर ठेवता येणार नाही, एक दिवसही नाही.

लोणचे टिकते ते मीठ आणि आम्लामुळे. शिजवलेल्या घेवड्यात आम्ल जवळजवळ नसते, आणि ज्या पदार्थाचा सामू (पीएच; आम्ल जितके कमी तितका हा आकडा मोठा) ४.६ च्या वर असतो, त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू वाढून विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि त्यांना वाढीसाठी प्राणवायू नसलेली जागा लागते, जी तुमचा तेलाचा थर नेमकी पुरवतो. लसूण हाही मातीतून येणारा, कमी आम्लाचा पदार्थ असल्यामुळे धोका वाढतो. १९७७ मध्ये मिशिगन राज्यातील पाँटियाक येथे एका मेक्सिकन उपाहारगृहात जेवलेल्या ५० हून अधिक लोकांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला, आणि त्याचे कारण चुकीच्या पद्धतीने बरणीबंद केलेल्या जलापेन्यो मिरच्या हे निघाले. अशा अन्नाला वास किंवा चव बदललेली जाणवेलच असे नाही. कुकरमध्ये दाणे शिजवले म्हणून बरणी निर्जंतुक होत नाही, आणि घरच्या कुकरमध्ये भरलेल्या बरण्या ठेवणे हीदेखील तपासून पाहिलेली पद्धत नव्हे.

डिप तयार झाल्यावर दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. फ्रीझरमध्ये ते दोन-तीन महिने चांगले राहते.

आणखी एक सूचना राजम्याविषयी. कच्च्या लाल राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले, तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेनुसार राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावा. घरचा कुकर हे काम सहज करतो. मंद तापणाऱ्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, मात्र दाणे आधी न उकळता घालू नयेत, कारण अपुऱ्या उष्णतेने हा विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

पाटावरवंटा, पुणे

सर्वांचे आभार. बरणीचा विचार सोडून दिला आहे. मग फ्रिज नसलेल्या मुलासाठी काही मार्ग आहे का? शिवाय कढईत योग्य वाटणारे डिप वाढेपर्यंत घट्ट होते, त्याचे काय करावे?

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका

त्याला कारखान्यात डबाबंद केलेला शिजवलेला राजमा द्यावा. तो बंद डबा बाहेर टिकतो. सोबत तुम्ही घरी भाजलेल्या मिरच्या, जिरे, मीठ, वाळवलेल्या लसणाची पूड आणि थोडी आमचूर पूड यांचा कोरडा मसाला करून द्यावा. डबा उघडून, काट्याने ठेचून, गरम पाणी आणि मसाला मिसळला की डिप होते. परतल्याची चव त्यात येणार नाही, हे मान्य आहे. उघडलेला डबा मित्रांसोबत त्याच बैठकीत संपवावा.

ह्यूस्टनकर

थंड होताना स्टार्च आळतो, त्यामुळे डिप कढईतून उतरवताना भज्यांच्या पिठाइतके सैल असले पाहिजे, तरच वाढताना ते चिपवर नीट बसते. राखून ठेवलेला कट यासाठीच अर्धी वाटी शिल्लक ठेवावा. मीठ आणि तिखट यांचा अंदाजही गार झाल्यावरच घ्यावा, कारण थंड पदार्थात दोन्ही कमी जाणवतात. तिखट जास्तच झाले, तर पाणी घालून उपयोग होत नाही. तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगले विरघळते, म्हणून घट्ट चक्का किंवा किसलेले चीज मिसळावे. बाजारात मिळणाऱ्या लोणचवलेल्या जलापेन्योच्या बाटलीतले दोन चमचे आंबट पाणी शेवटी घातले, तर डब्यातल्या डिपची चव बरीचशी साधते.