शेजारच्या किनाऱ्याचा प्रचार साताऱ्याने का करावा?

शनिवार पेठकर (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत पुण्याच्या पाहुण्यांना हौसेने कासला नेले, तेव्हा फुलांचा हंगाम सरला होता आणि पठारावर पिवळे पडलेले गवत तेवढे उभे होते. पाहुण्यांची निराशा पाहवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो, चिपळुणात मिसळ खाल्ली आणि दुपारच्या आत गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेऊन समुद्रावर पोहोचलो. तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतो आहे, तो चर्चेला ठेवतो.

साताऱ्यातल्या लॉज, घरगुती निवास आणि खाणावळींनी गुहागर, दापोली, हर्णैची माहिती ठेवावी आणि तिकडच्यांनी आपली ठेवावी. दोघांचे हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात पाहावा, कास ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत; त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या खोल्या बहुधा रिकाम्या असतात. उलट आपल्याकडे फुले संपली की तिकडचा हंगाम भरात येतो, आणि वेळासला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसतात. आलेला पाहुणा 'आता पुढे काय?' असे विचारतो, तेव्हा त्याला पुण्याची गाडी दाखवण्यापेक्षा घाट दाखवणे शहाणपणाचे नाही का? जिल्ह्याच्या पर्यटन निधीतून थोडी रक्कम अशा संयुक्त माहितीपत्रकासाठी ठेवावी, असे माझे म्हणणे आहे.

कराडकर

कल्पना गोड आहे, पण पैसा कोणाचा, हा प्रश्न आपण घाईने ओलांडलात. जिल्ह्याचा निधी जिल्ह्यासाठी असतो. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प आहे, लिंबची बारा मोटेची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे, मेणवलीला कृष्णेकाठचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. यांतले सगळे पाहिलेले सातारकर तरी किती सापडतील? स्वतःच्या ओसरीवर दिवा लावलेला नसताना शेजाऱ्याच्या अंगणात रोषणाई करण्याला औदार्य म्हणावे की हौस, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे असे की, पाहुणा समुद्राच्या ओढीने निघाला की वाटेतल्या गावांना काही उरत नाही. गुहागर-विजापूर महामार्ग आमच्या कराडवरून जातो, त्यामुळे शुक्रवारी रात्री खाली जाणाऱ्या आणि रविवारी रात्री वर येणाऱ्या गाड्या मी रोज पाहिल्यासारख्या पाहतो. पाटणला चहा, फार तर वडापाव, एवढाच त्यांचा आपल्याशी व्यवहार.

माहेर गुहागर, सासर सातारा

कराडकर, आपल्याला वाटते की फायदा सगळा कोकणाचा होणार आहे. आमच्याकडे येऊन पाहा. घाटावरची मंडळी तांदूळ, शेगडी आणि पाण्याचे जार घेऊन उतरतात, किनाऱ्यावर स्वयंपाक करतात आणि पत्रावळ्या सुरूच्या बनात टाकून निघून जातात. त्यातून गाडी वाळूवर नेण्याचा हट्ट. मागच्या मे महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत एक पांढरी मोटार ओल्या वाळूत चाकाच्या मध्यापर्यंत रुतली. चालक जितका जोर देत होता तितकी ती आणखी खाली जात होती, भरतीचे पाणी दाराशी आले होते आणि आतली आजी पिशव्या डोक्यावर धरून बसली होती. माझा भाऊ आणि शेजारची चार मुले दोर बांधून ती ओढत होती, तेवढ्यात चालकाने विचारले, 'इथे बोर्ड का नाही?' बोर्ड होता. त्यावर यांनीच टॉवेल वाळत घातले होते.

विहिरींचे पाणी मेमध्ये तळ गाठते, तेव्हा दहा पाहुण्यांच्या दोन वेळच्या आंघोळी काय किमतीला पडतात, ते घर चालवणारीलाच कळते. गर्दी पाठवायचीच असेल, तर आधी कासची शिस्त पाठवा. तिथे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, शुल्क आहे आणि व्यवस्था पाहायला गावांतली समिती आहे. साताऱ्याने कोकणाला द्यावे असे काही असेल, तर ते हे आहे.

कांदाटी खोरे

आपल्या सगळ्यांच्या चर्चेत जिल्ह्याची हद्द फार ठळक दिसते. आमच्या गावात ती दिसत नाही. कोयनेचे धरण झाले, त्याच्या शिवसागर जलाशयाचे पाणी मध्ये आले, आणि तालुका महाबळेश्वर असूनही आम्हाला तापोळ्याला लाँचने जावे लागते. उलट रघुवीर घाट उतरला की खेडचा बाजार. आमचे नातेसंबंध आणि दवाखाना कित्येकदा खालचाच. कोयनेचे पाणीसुद्धा डोंगरातून पोफळीला उतरून वीज करते आणि चिपळुणात वाशिष्ठीला मिळते, मग माणसांनीच वर-खाली का करू नये? माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. पावसाळ्यात दरड पडली की रघुवीर घाट बंद होतो. पाहुण्यांच्या पत्रकाआधी त्या दरडीकडे कोणी पाहावे.

कराडकर

दरडीचा मुद्दा बिनतोड आहे. जुलै 2021 च्या पावसात आंबेनळी घाट खचून महाबळेश्वर-पोलादपूर वाहतूक तुटली, हे विसरता येत नाही. ज्या रस्त्याची खात्री नाही, त्याची जाहिरात करणे म्हणजे पाहुण्याला फसवणे होय.

शनिवार पेठकर (धागाकर्ता)

निधीचा मुद्दा मी मागे घेतो. कराडकरांचे त्याबाबतचे म्हणणे मला पटले. रोषणाईचा टोला मात्र जरा लागला. तथापि 'आधी आपले, मग शेजाऱ्याचे' हा क्रम मला मान्य नाही, कारण पाहुणा क्रमाने फिरत नाही, रस्त्याने फिरतो. 2010 साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून आहे. वाघासाठी जी हद्द ओलांडली, ती पाहुण्यासाठी ओलांडायला काय हरकत आहे? पत्रक आम्ही पाच-सहा लॉजवाले वर्गणीतून छापू. त्यात औंध आणि लिंब आधी येतील, घाट कधी बंद असतात ते येईल, आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीने दापोली व गुहागर एका सहलीत कसे जोडता येते तेही येईल. ताई, आपल्या काही सूचना असतील तर आताच सांगाव्यात.

माहेर गुहागर, सासर सातारा

सूचना तीन आहेत. गाडी वाळूवर नेऊ नये, हे पहिल्या पानावर. भरती-ओहोटीच्या वेळा दर महिन्याला नव्याने चिकटवण्यासाठी रिकामी चौकट. आणि खोलीचा दर सांगताना पाण्याच्या बादल्याही मोजून सांगाव्यात. एवढे छापणार असाल, तर माझ्या भावाच्या दोन खोल्या त्यात घाला. नाहीतर आमचे नाव नको.