मदत हवी आहे: तीन क्रेडिट कार्डं, दरमहा अकरा हजार भरते, तरी उधारी जागची हलत नाही

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली. जरा लांबण लागेल.

आम्ही धायरीत भाड्याच्या घरात राहतो, मुलगी पहिलीत आहे. माझा हातात येणारा पगार ४८ हजार. नवऱ्याच्या पगारातून घरभाडं आणि सासूबाईंची औषधं जातात; किराणा, शाळा, व्हॅन माझ्याकडे. माझ्या नावावर तीन कार्डं आहेत. पहिल्यावर १,१८,४००, दुसऱ्यावर ६२,०००, तिसऱ्यावर ४१,५००. एकूण २,२१,९००. हे आकडे एकाखाली एक आज पहिल्यांदाच लिहिले. आत्तापर्यंत प्रत्येक कार्डाचा मेसेज वेगवेगळ्या दिवशी यायचा, त्यामुळे बेरीज करायची वेळच येऊ दिली नाही म्हणा ना.

सुरुवात मूर्खपणाची आहे. पहिलं कार्ड आलं तेव्हा अ‍ॅपमध्ये ऑटो-पे लावलं आणि निर्धास्त झाले. तिथे 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) आणि 'मिनिमम ड्यू' (निदान भरावीच लागणारी रक्कम) असे दोन पर्याय असतात. माझा टिंब मिनिममवर होता. पाच महिने खात्यातून पैसे जात होते, 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेज येत होता, मला वाटायचं बिल भागलं. लक्षात आलं तोवर रक्कम एकदम भरण्यासारखी राहिली नव्हती. मग पगार संपला की किराणा दुसऱ्या कार्डावर. दिवाळीत पहिल्याचं बिल भरायला तिसऱ्या कार्डावर एटीएममधून १५ हजार काढले. हो, आता कळतंय.

काल रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी स्टूल ओढून पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचलं. भरले होते ६,०००. व्याज ४,२६२. त्या व्याजावर जीएसटी ७६७. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ९७१, आणि त्याच महिन्यात त्याच कार्डावर मी २,३०० चा किराणा घेतलेला!

आईने दिलेल्या दोन पाटल्या आहेत, चार तोळ्यांच्या. मोडू का? बँकेचा फोन येतो की सगळी रक्कम ईएमआयमध्ये करून देतो, ते करावं का? नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण मार्ग सांगा.

जुनाबँकवाला:
ताई, कार्डाच्या विभागात नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे रागवण्याचा अधिकार मला नाही.

तुमचा व्याजदर महिन्याला ३.६ टक्के दिसतोय. ऐकायला किरकोळ वाटतो, वर्षाचे ४३ टक्के होतात. मिनिमम ड्यू साधारण बाकीच्या पाच टक्के असतो, त्यातले चारहून जास्त व्याज आणि जीएसटीच खातात. तीन कार्डं मिळून तुम्ही अकरा हजार भरताय, त्यातले सव्वानऊ-साडेनऊ हजार असेच जातात. नुसतं मिनिमम भरलंत तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, अशी सूचना स्टेटमेंटवर छापावीच लागते. छापतातही. पण पान तीनवर कोण जातं?

लोकांना न कळणारी गोष्ट म्हणजे बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत नव्या खरेदीलाही मिळत नाही. तुमच्या २,३०० च्या किराण्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागलं. एटीएममधून काढलेल्या रोखीला तर बिनव्याजी मुदत कधीच नसते, वर काढण्याची फी वेगळी.

तेव्हा आज रात्री पहिलं काम: खरेदीच्या प्रत्येक अ‍ॅपमधून तिन्ही कार्डं काढून टाका. बादलीला भोक असताना नळ मोठा करून उपयोग नाही.

पाटल्या मोडू नका, गहाण ठेवा. सरकारी बँकेत सोनेतारण दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं. २,२०,००० दोन वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता १०,१५० च्या घरात येतो. आज भरताय त्यापेक्षा कमीच, आणि चोविसाव्या महिन्यात पाटल्या घरी. मात्र हप्त्याने फेडायचंच तारण घ्या. वर्षाअखेर एकरकमी फेडायचं घेतलंत तर शेवटी परत कार्ड शोधाल.

बँकेचा ईएमआयही वाईट नाही, कार्डाच्या दरापेक्षा स्वस्तच पडतो. पण प्रक्रिया शुल्क, व्याजावरचा जीएसटी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड हे तिन्ही आकडे ईमेलवर मागवा. फोनवरच्या गोड आवाजाला 'हो' म्हणू नका.

पेठेतला:
विचारलंय म्हणून सांगतो. नवऱ्याला न सांगता पाटल्या गहाण ठेवणार, म्हणजे एक लपवलेलं कर्ज फेडायला दुसरं लपवलेलं कर्ज. हिशोब बरोबर, पद्धत तीच जुनी. आधी घरात सांगा.

आणि तिन्ही कार्डं कात्रीने कापा. माझ्या ऐंशी वर्षांच्या वडिलांकडे आजही कार्ड नाही, त्यांचं काही अडलेलं नाही.

जुनाबँकवाला:
घरात सांगण्याबद्दल सहमत. कापण्याबद्दल नाही. कार्ड कापल्याने खातं बंद होत नाही, वार्षिक फी चालूच राहते. सगळ्यात जुनं कार्ड ठेवावं, त्याची मर्यादा वीस-पंचवीस हजारांवर आणून घ्यावी. बाकीची दोन बाकी शून्य झाल्यावर लेखी विनंती करून बंद करावीत. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

हडपसरवाली:
अगं, मी यातून गेलेय. माझी खूण सांगू? स्टेटमेंटचा ईमेल आला की मी तो न उघडता 'वाचला' म्हणून ठेवायचे. पोटात गोळा यायचा. दुसरी खूण, मर्यादा वाढवून मिळाल्याचा मेसेज आला की पगारवाढ झाल्यासारखा आनंद व्हायचा.

माझे तर पुढे हप्तेच थकले. वसुलीवाले ऑफिसात फोन करायचे, तुला अटक होईल म्हणायचे. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कुणी येऊन पकडून नेत नाही, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला त्यांना मनाई आहे. मी तारीख-वेळ लिहून बँकेकडे तक्रार केली. तीस दिवसांत नीट उत्तर मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही, येऊ देऊ नकोस.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख देणारे दुकानदार. दुसरी, 'सेटलमेंट'. अर्ध्यात मिटवतो म्हणतात, पण सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो. मला पुढे स्कूटरचं कर्ज मिळेना. तुझे हप्ते अजून चालू आहेत, तुला सेटलमेंटची गरजच नाही.

आणि नवऱ्याला सांगताना स्टेटमेंट समोर ठेव. नुसत्या तोंडी सांगण्यात रडू येतं आणि आकडे राहून जातात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, मधे महिना गेला.

रविवारी सांगितलं. त्याने कागद हातात घेतला, बराच वेळ बघत बसला, मग विचारलं, "फ्रिज यातलाच का?" हो म्हटलं. नो कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी म्हणवणारे हप्ते) होता, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क लागलंच होतं. दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून स्वतःच बँकेत आला.

बँकेच्या सराफाने पाटल्या कसोटीच्या दगडावर घासल्या, काट्यावर ठेवल्या, वहीत वजन लिहिलं. आईच्या हातातल्या पाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सील होताना बघणं जड गेलं. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "त्यासाठीच दिल्या होत्या."

तिन्ही कार्डांची पूर्ण बाकी त्याच दिवशी भरली. १,९०० कमी पडत होते, ते पगारातून घातले.

आता नवा प्रश्न. पहिल्या कार्डाचं नवं बिल आलंय, ३,०१७ रुपयांचं. मी एक रुपयाही खर्च केलेला नाही. घाबरून परत इथे आले.

जुनाबँकवाला:
घाबरू नका. मागचं बिल निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी आहे तो. मधले दिवस मोजा, हिशोब जुळेल. हे पूर्ण भरा, मिनिमम नको. दुसऱ्या-तिसऱ्या कार्डाचं बिल शून्याचं आलं की मगच ती बंद करायची विनंती टाका. आणि ऑटो-पेचा टिंब बघून घ्या.

धागाकर्ती:
१,१८,४०० वर अठरा दिवस. जुळलं, रुपयाच्या आतलाच फरक आला. टिंब बदलला, नवऱ्याकडून तपासूनही घेतला.