पीओई बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, आता मॉसफेट उडतायत

धायरी_रिपेअर
नमस्कार मंडळी. धायरीत माझं सीसीटीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. एका सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच पॉवर घेणारा) बोर्ड आलाय. नेटवर्क केबलमधून आलेल्या 48 व्होल्टचे तो 12 व्होल्ट, 0.8 अँपिअर करतो. पाणी शिरून ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग गेलं होतं. सोडवून वेढे मोजले: प्रायमरी (आत येणारी बाजू) 12, सेकंडरी (बाहेर जाणारी) 4. कोअर काढताना तुटला, म्हणून त्याच मापाचा ईएफडी20 फेराइट कोअर पासोड्या विठोबापाशी, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, मिळाला तो आणला, तेवढेच वेढे घातले आणि दोन्ही अर्धे फेव्हिक्विकने घट्ट चिकटवले. प्रायमरी चालू-बंद करणारा मॉसफेट 100 व्होल्टचा टाकला, म्हणजे 48 च्या दुप्पट.

चालू केलं की टक्, आणि मॉसफेट शॉर्ट. तीन गेले. वाइंडिंगची दिशा दोनदा तपासली. तसल्याच चांगल्या बोर्डावर प्रायमरीचा इंडक्टन्स मीटरवर 30 मायक्रोहेन्री दिसतो, माझा 180. जास्त म्हणजे चांगलंच ना? की ट्रान्सफॉर्मरच काढून सरळ बक मॉड्यूल (ट्रान्सफॉर्मरशिवाय व्होल्टेज उतरवणारं) लावू?

कोथरूड_नेटवर्क
बक अजिबात लावू नका. जॅकपाशी डेटाचे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, पण पॉवर घेतात ती त्यांच्या केबलकडच्या सेंटर टॅपवरून (वाइंडिंगच्या मधल्या टोकावरून). म्हणजे पॉवरला तिथे काहीच आडोसा (आयसोलेशन) मिळत नाही, तो पुढचा हा ट्रान्सफॉर्मरच देतो. बक लावलंत की कॅमेऱ्याचं ग्राउंड थेट केबलला जोडलं गेलं. कॅमेरा गेटच्या लोखंडी खांबावर, स्विच दुसऱ्या इमारतीत, दोन्हीकडची अर्थिंग वेगळी. पावसाळ्यात काय होतं ते तुम्ही रोज बघताच. पीओईच्या प्रमाणकातच केबल आणि उपकरण यांच्यामध्ये 1500 व्होल्ट एसी एक मिनिट सोसायची अट आहे.
बाकी 48 व्होल्ट येतायत म्हणजे स्विचला बोर्डाची ओळख पटवणारा 25 किलोओहमचा भाग शाबूत आहे.

भोसरी_वाइंडर
दादा, तुमचे वेढे बरोबर आहेत, कोअरमधली फट राहिली. गेली बावीस वर्षं मी हेच गुंडाळतोय. फट विसरल्यामुळे परत आलेले नग मोजायचे सोडून दिले.

साधा ट्रान्सफॉर्मर एका बाजूने घेतो त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने देतो. तुमचा फ्लायबॅक जातीचा आहे, तो आधी कळशी भरतो, मग पलीकडे ओततो. मॉसफेट चालू असताना सेकंडरीचा डायोड उलटा असतो, पलीकडे काहीच जात नाही, प्रायमरीचा प्रवाह नुसता चढत राहतो. मॉसफेट बंद झाला की व्होल्टेज उलटतं, डायोड उघडतो आणि साठलेलं सगळं 12 व्होल्टकडे रितं होतं. तुमचा कंट्रोलर 250 किलोहर्ट्झचा धरला तर हे सेकंदाला अडीच लाख वेळा.

ती कळशी म्हणजे फट. ऊर्जा फेराइटमध्ये फारशी मावत नाही, ती फटीत राहते. हिशोब करू. बाहेर 9.6 वॉट, कार्यक्षमता 85 टक्के धरली तर आत 11.3 वॉट, म्हणजे दर फेरीला 45 मायक्रोज्यूल. 30 मायक्रोहेन्रीवर त्यासाठी प्रवाह 1.7 अँपिअरपर्यंत चढायला हवा. तुमचा बिनफटीचा कोअर 0.7 अँपिअरच्या आसपासच तुडुंब होतो. त्यापुढे ती कॉइल राहत नाही, नुसती तार उरते, आणि सगळा मार मॉसफेटवर. ते 180 हेच सांगतंय.

मॉसफेटही चुकलाय. केबलवर 57 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यावर सेकंडरीचे साडेबारा (डायोडचा अर्धा धरून) गुणिले 3 (12 वेढे भागिले 4), म्हणजे साडेसदतीस, प्रायमरीवर परावर्तित होतात. झाले साडेचौऱ्याण्णव. वर लीकेज इंडक्टन्सचा (सेकंडरीपर्यंत न पोचणाऱ्या चुंबकत्वाचा) क्षणिक काटा वेगळाच. 100 चा टिकणार कसा? 200 व्होल्टचा टाका आणि क्लॅम्पचा (तो काटा दाबणाऱ्या भागाचा) डायोड, रेझिस्टर, कपॅसिटर तपासा.

आता प्रयोग. कोअर गरम करून सोडवा, तोंडं स्वच्छ पुसा, मध्ये झेरॉक्सचा साधा कागद ठेवा. 80 जीएसएमचा साधारण 0.1 मिमी असतो. चुंबकीय वाट तो दोनदा ओलांडते, मधल्या पायात एकदा आणि बाजूच्या पायात एकदा, म्हणून फट 0.2 मिमीची होते. मीटरवर 30 च्या आसपास दिसलं पाहिजे. दिसल्याशिवाय पॉवर देऊ नका.

आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये पिवळ्या टेपचे थर किती दिलेत?

धायरी_रिपेअर
काका, कागद घातला, 31 आलं! 200 व्होल्टचा मॉसफेट टाकला. 12.05 व्होल्ट, तासभर पूर्ण लोडवर ठेवला, मॉसफेटला बोट लावता येतं. टेपचा एकच थर दिलाय.

भोसरी_वाइंडर
मग तो ट्रान्सफॉर्मर गेटवर लावू नका. पुन्हा गुंडाळा, टेपचे तीन थर, कडेला पूर्ण मिटलेले. कागद ओल धरतो, त्याजागी तेवढ्याच जाडीचा मायलर (प्लास्टिकची फिल्म) घाला. चिकट बाहेरून लावा, तोंडांवर नको. बोर्डावर बसवण्याआधी प्रायमरीच्या सगळ्या पिना एकत्र, सेकंडरीच्या एकत्र, आणि मध्ये 1500 व्होल्ट एसी एक मिनिट. टेस्टर नसेल तर माझ्याकडे घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त गुरुवारी नको, सुट्टी असते.