शेकोटीच्या निखाऱ्यांवर ज्याचा त्याचा पुडा: तुमचे अनुभव लिहा

थंडी पडली की हुरडा, पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) आणि तंबूतल्या मुक्कामाची आमंत्रणं एकदमच यायला लागतात. या धाग्यावर मला एकाच गोष्टीबद्दल सगळ्यांकडून ऐकायचं आहे: निखाऱ्यांवर, माणशी एक पुडा बांधून शिजवलेलं जेवण. फॉइलमध्ये केलं असेल, केळीच्या पानात केलं असेल, इथे केलं असेल किंवा परदेशात, तरी लिहा. आत काय घातलं, लाकूड कोणतं होतं, किती वेळ लागला हेही लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे नवरा कांदा-लसूण खात नाही. सासूबाईंना मधुमेह, त्यामुळे बटाटा बेताचा. पुतण्याला चिकन हवं आणि मुलीला सिमला मिरचीचा वासही नको. पवना धरणाच्या काठी मुक्कामाला गेलो तेव्हा मी भाज्या, पनीर, मुरवलेलं चिकन असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत नेलं, प्रत्येकाच्या हातात फॉइलचा दुहेरी चौकोन दिला आणि म्हटलं, आपापलं भरा. सासूबाई आधी सगळ्यांचे पुडे भरायला सरसावल्या. मग स्वतःचा भरायला बसल्या तेव्हा त्यांनी मटार, पनीर, ओल्या हळदीचे काप आणि अख्ख्या दोन लवंगी मिरच्या घातल्या. त्यांना इतकं तिखट आवडतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. घरी सगळ्यांना झेपेल असंच त्या करत आल्या आहेत.

सांगायची मुख्य गोष्ट म्हणजे पुडा जाळावर ठेवायचा नाही. लाकडं पाऊण-एक तास आधी पेटवा, ज्वाळा बसू द्या आणि निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच पुडे ठेवा. निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा; चार-पाच सेकंदांत हात काढून घ्यावासा वाटला की आच बरोबर आहे. जाळावर ठेवलेल्या पुड्याचा तळ करपतो आणि मधला बटाटा कच्चाच राहतो. एका बाजूला थोडा जाळ चालू ठेवून तिथून नवे निखारे ओढत राहिलं की सगळ्यांचे पुडे निघेपर्यंत आच टिकते.

सॅन होजे, कॅलिफोर्नियाहून

आमचा मराठी कुटुंबांचा गट उन्हाळ्यात रेडवुडच्या जंगलांत नाहीतर योसेमिटीकडे तंबू घेऊन जातो. इथे हा प्रकार स्काउटच्या मुलामुलींमुळे घरोघरी माहीत आहे. त्यांच्या पुड्यात बहुतेक वेळा खिम्याची टिक्की, बटाटा, गाजर, कांदा आणि वर मीठ-मिरपूड असते. आम्ही तोच पुडा आपल्या अंगाने करतो. तळाला कोबीचं जाड पान, कारण करपलंच तर ते करपतं आणि वरचं अन्न वाचतं. त्यावर कांद्याच्या चकत्या, अर्धा इंच जाडीचे बटाट्याचे काप, फरसबी, आणि आलं-लसूण, गोडा मसाला, तेल लावून रात्रभर मुरवलेले बिनहाडाच्या चिकनचे लहान तुकडे. वरून चमचाभर पाणी. पाणी विसरू नका, आतलं सगळं वाफेवरच शिजतं.

घडी नीट जमली पाहिजे. फॉइलच्या समोरासमोरच्या दोन कडा वर एकत्र आणून दोन-तीनदा खाली दुमडायच्या, पण अन्नाला अगदी चिकटवायच्या नाहीत, वाफेला बोटभर जागा ठेवायची. मग दोन्ही टोकं तशीच गुंडाळायची. दर सात-आठ मिनिटांनी चिमट्याने उलटायचा. चिकन-बटाट्याला अर्धा तास तरी लागतो. चिकन शिजलं की नाही हे आम्ही रंगावरून ठरवत नाही, सुईचा थर्मामीटर आत खुपसतो. 74 अंश सेल्सियस दिसलं की पुडा खाली.

शाकाहारी आणि मांसाहारी पुडे एकसारखे दिसतात. आमच्याकडे शाकाहारी पुड्याला दोन्ही टोकांना शेंडी असते, मांसाहारी सपाट. अंधारातही हाताला कळतं. निखाऱ्यांच्या दोन कडा दोघांना वाटून दिलेल्या असतात आणि चिमटेही वेगळे. आमच्यातल्या एका आजींनी हे सगळं स्वतः पाहिलं आणि मगच त्या निश्चिंतपणे जेवल्या. कुणाच्या तरी श्रद्धेसाठी चिमटा वेगळा ठेवायला काहीच कष्ट पडत नाहीत.

इथे येणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. योसेमिटीत अस्वलं आहेत, म्हणून अन्न, उष्टी फॉइल, टूथपेस्टसुद्धा तिथल्या लोखंडी पेटीत बंद करावी लागते, गाडीत रात्री काही ठेवायचं नाही. आणि उन्हाळा कडक असला की शेकोटीवर बंदी येते, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाचा नियम बघा. लाकूड घरून नेऊ नका, तिथेच जवळपास विकत घ्या. लाकडातून झाडांची कीड एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाते. अॅश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तो दूरदूर पसरण्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा हात आहे.

अलिबागहून

आमच्याकडे फॉइल यायच्या कितीतरी आधीपासून पुडे आहेत. पोपटीत चिकन घालतात ते मसाला लावून केळीच्या पानात बांधूनच. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग चिकनच्या पुड्या, अंडी, बटाटे, कांदे, रताळी, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबायचा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावाच पुरतो. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र झालं की काढायची.

माणशी पुडी करायची पद्धत माझ्या काकीची. तिच्याकडे पोपटीला तीस माणसं असली तरी चिकनच्या पुड्या मोजून तीस, आणि लहान मुलांच्या पुडीला केळीच्या सोपाचा दोर बांधलेला, म्हणजे ती कमी तिखटाची. हल्ली शेतघरांवर पाहुण्यांना फॉइलमध्ये बांधलेलं चिकन पोपटीत घालून देतात. शिजतं ते उत्तमच, पण भांबुर्डीचा वास फॉइलच्या आत शिरत नाही. पोपटीत तरी पानच वापरा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पाला चांगला मिळतो तो थंडीत, आणि शेंगाही तेव्हाच भरलेल्या असतात.

पुण्याहून, एक प्रश्न

फॉइलची चकचकीत बाजू आत ठेवायची की बाहेर? आणि लिंबू-टोमॅटो घातलेले पुडे केले तर चालतात का? मुलांची सहल आहे म्हणून विचारतेय.

नाशिकहून

ताई, मी वेष्टनाच्या कारखान्यात नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. बाजू कुठलीही ठेवा. फॉइल शेवटच्या लाटणीत दोन पदर एकत्र घालून लाटतात. रुळाला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना लागलेल्या बाजू मंद राहतात. शिजण्यात फरक पडत नाही.

जाडीने मात्र पडतो. आपल्याकडे घरगुती गुंडाळीवर बहुधा 11 मायक्रॉन लिहिलेलं असतं. ती पोळ्या गुंडाळायला ठीक, निखाऱ्यांसाठी दोन पदर घ्या, बटाट्यासारख्या वेळखाऊ पुड्याला तीन. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि फुंकून लाल केलेला निखारा त्याच्या वरही जाऊ शकतो, म्हणून पुडे ठेवल्यावर फुंकणी बाजूला ठेवायची.

आंबटाचं म्हणाल तर लिंबू, टोमॅटो, चिंच, आमसूल यांनी अॅल्युमिनियम अन्नात उतरतं, जास्त मिठानेही उतरतं. जर्मनीतल्या बीएफआर या सरकारी संस्थेचा सल्लाही आंबट आणि खारट पदार्थ अॅल्युमिनियमला थेट लागू देऊ नयेत असाच आहे. एखाद्या सहलीने घाबरण्यासारखं काही नाही. तरी मुलांसाठी करताय तर आतून केळीचं पान किंवा बेकिंगचा कागद घाला आणि लिंबू पुडा उघडल्यावर पिळा. चवही ताजी लागते. रात्रभर मुरवायचं ते स्टीलच्या डब्यात, फॉइलमध्ये नाही.

मालवणहून

वर पान-फॉइलची जोडी सुचवली आहे, आम्ही बांगडा तसाच करतो. बांगड्याला आडव्या चिरा देऊन आगळ, हळद, मिरचीपूड, मीठ, आलं-लसूण चोळायचं. पोटात ओलं खोबरं आणि हिरवी मिरची वाटून भरायची, आवडत असेल तर ठेचलेलं तिरफळ. केळीचं पान आधी निखाऱ्यावरून फिरवून मऊ करायचं, नाहीतर दुमडताना फाटतं. एका पानात एकच बांगडा, वर फॉइलचा एकच पदर. आगळ पानाला लागतं, फॉइलला नाही. करवंट्यांचे निखारे केले तर आच सणसणीत असते, तेव्हा पाच-पाच मिनिटं दोन्ही बाजूंनी पुरे. काट्यापासून मांस अलगद सुटलं की झालं. यासोबत आम्ही तांदळाची भाकरी घरूनच करून नेतो.

साताऱ्याहून

मी शाळेत स्काउट-गाइडचं पथक बघते. शिबिरात भांड्याविना स्वयंपाक असतो. मुलं संत्र्याचे दोन भाग करून गर खातात आणि वाटीसारख्या सालीत अंडं फोडून निखाऱ्यावर ठेवतात. बटाटा, रताळं तर नुसत्या राखेत. फॉइलचा पुडा आम्ही पाचवी-सहावीच्या मुलांना देतो, कारण त्यांना एक अख्खं जेवण स्वतःच्या हाताने करता येतं. ज्वारीच्या भाकरीचा चुरा, कांदा, गाजर, मोड आलेली मटकी (ती आधी उकडलेली), तेल, काळा मसाला. दहा-बारा मिनिटांत गरम होतं.

घरी आई ताट वाढून देते तेव्हा भाजी बाजूला सारणारी मुलं इथे पुड्याच्या तळाचं खरपूस गाजरसुद्धा पुसून खातात, हे मी दर वर्षी पाहते आणि दर वर्षी मला तितकाच आनंद होतो. एक नियम मात्र कडक. पुडा मुलांनी उघडायचा नाही. मोठ्या माणसाने काढून पाच मिनिटं बाजूला ठेवायचा, मग चेहऱ्यापासून लांब धरून, पलीकडच्या टोकाला चीर द्यायची. त्या वाफेने बोटं आणि तोंड भाजतं, निखाऱ्यापेक्षा तिचीच भीती जास्त.

मेलबर्नहून

आमच्याकडे उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे काही दिवस उघड्यावरच्या आगीवर पूर्ण बंदी जाहीर होते. त्यामुळे बागांमधल्या फुकट विजेच्या तव्यांवर किती तरी वेळा हेच पुडे केले आहेत. धुराचा वास येत नाही, पण झाकण म्हणून वर एक उपडा ट्रे ठेवला तर मका, मश्रूम, पनीर छान होतात. शेकोटीसाठी आम्ही गारठ्याचे महिने राखून ठेवतो.

ह्यूस्टनहून

मी डॉक्टर आहे, म्हणून एवढंच. उरलेला बटाट्याचा पुडा तसाच बंद ठेवून सकाळी खाऊ नका. 1994 साली टेक्सासमधल्या एल पासो इथे फॉइलमध्ये भाजलेले बटाटे त्याच फॉइलमध्ये बाहेर राहिले आणि पुढे एका पदार्थात वापरले गेले, त्यातून 30 जणांना बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा झाली. भाजून जंतूंचे बीजाणू मरत नाहीत आणि घट्ट फॉइलच्या आत हवा नसते, तेच त्यांना मानवतं. उरलं तर फॉइल काढून बर्फाच्या पेटीत ठेवा. पेटी नसेल तर टाकून द्या.

भंडारदऱ्याहून

आम्ही धरणाकाठी आमच्याच जमिनीवर तंबू लावतो. पाहुणे पुडे आणतात तेव्हा आम्ही बाभळीचं वाळकं लाकूड देतो, त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. ओलं लाकूड नुसतं धुरकटतं.

माझं एकच सांगणं आहे. जेवण झालं की फॉइल शेकोटीत टाकू नका. ती जळून जात नाही, तिचे बारीक तुकडे राखेत राहतात. आम्ही राख शेतात टाकतो, तिथे ते वर्षानुवर्षं चकाकत राहतात, आणि मीठ-तेलाच्या वासाने कुत्री, गुरं तोंड लावतात. आम्ही प्रत्येक तंबूला एक रिकामा पत्र्याचा डबा देतो, फॉइल त्यातच जाते. जवळच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याने अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवायलाच मनाई आहे, तेव्हा गडावर जाताना पुडे नेऊ नका, भाकरी-पिठलं गावात सांगून ठेवा. आणि झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने ढवळून, परत पाणी ओता. डिसेंबरात वारा सुटला की वाळल्या गवताला ठिणगी पुरते.

वसईहून

गोडाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पिकलेलं राजेळी केळं घ्या, साल न काढता लांबीने एक चीर द्या, आत किसलेला गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि थोडं तूप दाबून भरा. सालीसकट फॉइलमध्ये गुंडाळून, मुख्य जेवणाचे पुडे काढल्यावर जी मंद आच उरते तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, चीर कायम वरच्या बाजूला. उलटायचं नाही, नाहीतर गुळाचा पाक बाहेर येऊन फॉइलला करपून बसतो. चमच्याने सालीतूनच खायचं. राजेळी मिळाली नाही तर वेलची केळी घेऊ नका, ती फार मऊ होतात, त्यापेक्षा थोडी कच्चट हिरव्या सालीची बरी. मधुमेह असलेल्यांच्या केळ्यात गूळ न घालता नुसतं खोबरं, तूप आणि दोन बेदाणे घालते, तेही केळं अर्धंच. पवनेच्या ताई, तुमच्या सासूबाईंसाठी करून बघा आणि कसं झालं ते इथे लिहा.