पेपरात बातमी येते ती उमेदीमुळे की ओळखीमुळे?

निगडीकर उद्योजक (धागाकर्ता)

परवा सेनापती बापट रस्त्यावर लघुउद्योजकांचा कार्यक्रम होता. एका वक्त्यांनी सांगितलं, ‘वृत्ती सकारात्मक ठेवा, पत्रकार आपणहून तुमच्या दारात येतील.’ आत टाळ्या पडल्या आणि बाहेर चहाच्या टेबलावर सगळ्यांनी ते मोडीत काढलं. मी मात्र वक्त्यांच्या बाजूचा आहे, फक्त माझं कारण वेगळं आहे.

पत्रकार दारात येत नाहीत, हे कबूल. पण आपल्यातले बरेचजण काय करतात? एक प्रेसनोट पाठवतात, आठवडाभर पेपर चाळतात आणि ‘पैसे मोजल्याशिवाय कुणी छापत नाही’ म्हणून विषय मिटवतात. पुढची प्रेसनोट जातच नाही. उमेद असलेला माणूस त्याच शांततेचा निराळा अर्थ लावतो. त्या दिवशी पालखी पुण्यात होती, जागा नसेल. ज्यांना मेल केली ते उद्योगांच्या बातम्या बघतच नसतील. मग तो योग्य माणूस शोधतो, नवा विषय घेऊन पुन्हा लिहितो.

मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात आयुर्विमा एजंटांचा अभ्यास केला होता. नकार मिळाल्यावर ‘माझ्यातच खोट आहे’ असं न मानणारे एजंट जास्त पॉलिसी विकत होते आणि ते धंदाही सहजी सोडत नव्हते. बातमीदाराचा नकार पचवणं याहून वेगळं नाही.

आणि आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर आहेतच. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिले नांगर पडून राहिले होते. तिथे ते खचले असते तर?

नारायण पेठ, निवृत्त उपसंपादक

निगडीकर, तुमची तळमळ कळते, पण टेबलाच्या पलीकडून सांगतो. डेस्कवर कुणाची वृत्ती पोचत नाही, मजकूर पोचतो. संध्याकाळी सातनंतर पानं लावायची घाई असते. समोर प्रसिद्धिपत्रकांचा ढीग असतो आणि प्रत्येकात ‘अल्पावधीतच ग्राहकांच्या पसंतीस उतरलेले’ हे वाक्य असतं. त्यात बातमी कुठे आहे हे दोन ओळींत दिसलं नाही, तर पुढचं कुणी वाचत नाही.

उलट अति सकारात्मकता घातक ठरते. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ होती. लोक पाणी प्यायला घाबरत होते, महापालिका खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासत होती. त्या दिवसांत एका पाणीशुद्धीकरण यंत्रवाल्यांची प्रेसनोट माझ्या जुन्या सहकाऱ्याकडे आली. मथळा ‘निरोगी पुण्याचा संकल्प’, सोबत मालकांचा हसरा फोटो. त्यानं फोन करून एकच प्रश्न विचारला: काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडलाय, तो तुमच्या यंत्रातून निघतो का, चाचणीचा अहवाल आहे का? पलीकडून उत्तर आलं, ‘आपण चांगल्या गोष्टींवर बोलू या ना.’ अहवाल दिला असता तर दुसऱ्या दिवशी लोकांच्या कामाची बातमी झाली असती.

गाल्टुंग आणि रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५मध्येच मांडलं होतं की नकारात्मकता हा बातमीमूल्याचा एक घटक आहे. अडचण, धोका, संघर्ष यांना जागा मिळते. उद्योजक नेमकं तेच झाकून आमच्याकडे येतो.

आकडेवारीवाला, बाणेर

सेलिग्मन सांगितले, आता जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेनही ऐका. २००२मध्ये त्यांनी आणि मायर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवी संपवून नोकरी शोधणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांपैकी जे मनात गोड चित्रं जास्त रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाला. मात्र मागच्या अनुभवावरून ‘मला जमेल’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं बरं झालं.

म्हणजे कल्पनेतलं यश वेगळं आणि अनुभवातून आलेली खात्री वेगळी. आपल्या कार्यक्रमांत डोळे मिटून पहिल्या पानावर स्वतःचा फोटो बघायला लावतात. ते आधी बंद करायला हवं. मुलं भारावून घरी जातात आणि प्रेसनोट लिहायची राहूनच जाते.

धायरीची नाचणीवाली

मी नाचणीची बिस्किटं करते, घराच्या मागच्या शेडमध्ये. माझी बातमी आली होती, म्हणून लिहिते.

ती २०२३मध्ये आली. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचं जाहीर केलं होतं, अर्थसंकल्पात भरडधान्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं होतं, आणि प्रत्येक पुरवणीला ज्वारी-बाजरी-नाचणीवर काहीतरी हवं होतं. त्याआधीही माझी बिस्किटं तीच होती, वृत्तीही तीच होती, पण कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे वेळेचा वाटा मोठा, आणि नुसत्या वृत्तीनं बातमी होत नाही हे उपसंपादक काकांचं म्हणणं पटतं.

पण एक गोष्ट निगडीकर दादांच्या बाजूची. बातमीदार ताई शेडमध्ये आल्या, ट्रेमधलं एक बिस्किट मोडून बघितलं आणि विचारलं, ‘यात गहू किती?’ पाकिटावर तर नाचणीचं मोठं चित्र. मी सांगितलं, चाळीस टक्के गव्हाचं पीठ आहे, कारण नाचणीत ग्लुटेन नसतं, नुसत्या नाचणीचं बिस्किट पाकिटात भुगा होऊन जातं. त्यांना शंभर टक्के नाचणीचं एक बिस्किट भाजून दाखवलं, ते उचलतानाच तुटलं. छापून आलं ते नेमकं हेच. त्यानंतर लोक फोनवर विचारायचे, ‘खरं सांगणाऱ्या ताई तुम्हीच ना?’

प्रश्न आला की हा आपल्याला पाडायला आलाय असं न वाटणं, याला मी सकारात्मक वृत्ती म्हणेन. तिचा मला उपयोग झाला.

भोसरी एमआयडीसी, जॉबवर्कवाला

ताई, तुमचं अभिनंदन, मनापासून. पण मला या सगळ्या चर्चेचाच राग येतो.

मी गाड्यांच्या कंपन्यांसाठी सुटे भाग करतो. कुठल्या कंपनीसाठी, ते करारानुसार सांगता येत नाही. शेडचा फोटो देता येत नाही. माझ्याकडे बिस्किट मोडून बघण्यासारखं काही नाही. कामगारांचे पगार वेळेवर होतात आणि माल परत येत नाही, ही माझी वर्षभराची कामगिरी, आणि ती बातमी होत नाही.

मग फोन येतो. ‘यशस्वी उद्योजक’ पुरवणी काढतोय, अर्ध्या पानाचे इतके. पैसे देणाऱ्याची मुलाखत छापून येते, कोपऱ्यात बारीक अक्षरात जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं. प्रेस कौन्सिलनं २०१०मध्ये पेड न्यूजवर अहवाल दिला, तो प्रामुख्यानं निवडणुकांपुरता. आमच्या पुरवण्यांबद्दल कुणी बोलत नाही. ज्याच्याकडे पीआर एजन्सी ठेवायला पैसा आहे, ज्याला सफाईदार इंग्रजी येतं, तो बाणेरच्या काचेच्या ऑफिसातून रोज दिसतो. अशा वेळी आम्हाला ‘वृत्ती सुधारा’ सांगणं म्हणजे दोष आमच्याच माथी मारणं आहे.

निगडीकर उद्योजक

भोसरीकर, पुरवण्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या पैशांत मशीनचं एक चांगलं टूल येतं, ते घ्यावं. पण शेडचा फोटो देता येत नाही म्हणून बातमी नाही, हे मला मान्य नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे इंजिनाच्या भागांचं काम कमी होतंय का, हे भोसरी-चाकणच्या माणसाइतकं कोण सांगू शकेल? ग्राहकाचं नाव न घेताही ते बोलता येतं. कुणी ऐकणार नाही असं आधीच धरून चाललो तर तेही बोललं जाणार नाही. मी उमेद म्हणतो ती एवढीच.

आकडेवारीवाला, बाणेर

किर्लोस्करांचं उदाहरण मात्र तुमच्याविरुद्ध जातं. वर्तमानपत्रं आपली दखल घेतील म्हणून ते थांबले नाहीत. १९२०मध्ये त्यांच्या कारखान्यानं स्वतःचं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, शंकरराव किर्लोस्करांनी ते चालवलं, पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. आज छोट्या उद्योजकानं दुसऱ्याच्या पानाची वाट बघण्यापेक्षा स्वतः मराठीत लिहावं, व्हिडिओ करावेत.

नारायण पेठ, निवृत्त उपसंपादक

स्वतः लिहावं, जरूर. पण तिसऱ्या माणसानं तपासून लिहिलेल्या चार ओळींचं वजन निराळं असतं. बँकेच्या मॅनेजरपुढे ते कात्रण ठेवलं की फरक कळतो.

भोसरीकर, निगडीकरांनी सुचवलेला विषय खरंच बातमीचा आहे. मी डेस्कवर असतो तर उचलला असता. तीन गोष्टी लिहून काढा: दोन वर्षांपूर्वी महिन्याला किती नग जात होते, आता किती जातात, आणि त्यामुळे किती कामगारांना दुसरं काम शिकवावं लागलं. विशेषणं नकोत. औद्योगिक बीट बघणाऱ्या बातमीदाराला सकाळी अकरा-बाराच्या सुमारास फोन करा, संध्याकाळी अजिबात नको.

भोसरी एमआयडीसी, जॉबवर्कवाला

काका, आकडे काढतो. पण आकडे उतरते आहेत. ते छापून आले तर माझी बँक आणि माझे ग्राहक काय म्हणतील, याचं उत्तर इथे अजून कुणी दिलेलं नाही.