जवळ म्हणजे किती जवळ? तुमचे अनुभव सांगा

दारव्ह्याची लेक: काल कारंज्याजवळ शकुंतलेचे, आपल्या त्या जुन्या छोट्या रेल्वेचे, रूळ दिसले, गवतात बुडालेले. आबाच आठवले एकदम. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, अर्धा दिवस जायचा. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. डोळ्यात कोळशाचा कण गेला की आबा उपरण्याचं टोक तोंडाच्या वाफेनं गरम करून डोळ्यावर धरायचे. तंबाखूचा वास यायचा. इतक्या जवळून मी त्यांना घरी कधीच पाहिलं नाही, घरी ते ओसरीवर आणि आम्ही पोरं आत. तुमच्या जवळचं कोण, लिहा.

वाशीमकर: समृद्धी झाली, नागपूर-मुंबई 701 किलोमीटर आठ तासांवर आलं. आमचं वावर पलीकडं गेलं. पहिले घरून हाक मारली की बाबा धुऱ्यावरून ओ देत. आता पुलाखालून फेरा पडते. बैल अजूनही जुन्या पांदणीकडंच वळते.

पऱ्हाटी: अरे बाप्पा, बैलाचं वाचून डोळे भरले. जोडी कोणती, गावरान का?

वाशीमकर: हाव ताई. यंदा पोळ्याले बाबांनी स्वतः खांदे शेकले.

पुण्यातला पोरगा: आई वेचणीला गेली की फोन चालू करून कमरेला खोचते. माझ्याशी बोलत नाही. बायांच्या गप्पा, बांगड्या, मधीच "पोरा, आहेस ना?" मी "हो" म्हणतो. कधीकधी तासभर.

मूर्तिजापूरची सून: जाऊबाईचं अन् माझं बोलणं सहा वर्षं बंद होतं, वाटणीवरून. मधात एक कुडाची भिंत. रात्री तिला खोकला लागला की मी कुडावर थाप मारायची. ती उठून पाणी प्यायची, तिच्या गडव्याचा आवाज यायचा, मग मी झोपायची. दूध उतू जाऊन राह्यलं, येते.

पऱ्हाटी: ताई, मग बोलणं सुरू कसं झालं?

दारव्ह्याची लेक: मलाही सांगा. आबा अन् त्यांचे भाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत.

मूर्तिजापूरची सून: मी माहेरी गेली होती चार दिवस. आली तर तिनं अंगणातूनच इचारलं, "कुठं होतीस वं? रातभर खोकलली मी." आज तिनं सोल्याची भाजी पाठवली. वाटी रिकामी कशी परत करू?

पऱ्हाटी: जवसाची चटणी टाका. खोकल्याले तिखट नका करू.